मागे राहिलेला रोखपाल

कार्डाला नाही म्हणायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यातून जगाचा शेवट निघेल याची मला कल्पना नव्हती.

मी पाणीपुरवठा कार्यालयात रोखपाल. म्हणजे होतो. खिडकी क्रमांक तीन. सव्वीस वर्षं लोकांनी बिल आणि नोटा आत सरकवल्या, मी पावती आणि सुट्टे पैसे बाहेर सरकवले आणि 'सुट्टे द्या' यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. लोकांना मी उद्धट वाटायचो. (होतोही. काचेच्या आत बसलेल्या माणसाला तेवढी मुभा असते.) पण ओल्या स्पंजाला बोट लावून मी नोटांचं बंडल मोजायला घेतलं, की ऑडिटरसुद्धा चहा हातात धरून बघत राहायचे. मला दुसरं काही येत नव्हतं, पण तेवढं येत होतं.

मग एका सकाळी यंत्र आलं. कपाटाएवढं, तोंडावर पडदा. दोन माणसांनी माझ्या खिडकीची काच काढली, तिथे प्लायवूड ठोकलं आणि वर कागद चिकटवला : 'येथे रोख रक्कम स्वीकारली जात नाही.' मला यंत्राशेजारी खुर्ची मिळाली आणि 'ग्राहक मदतनीस' हे पद. काम एकच. आलेल्या माणसाला सांगायचं, "हिरवं बटण दाबा." अडचण अशी, की यंत्रही तेच सांगायचं. बाईच्या गोड आवाजात, आणि माझ्या आधी.

त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयाच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. आता गेटवरची हजेरी आणि कॅन्टीनचा चहा, दोन्ही एकाच कार्डावर, आणि कार्डाला तळहाताचा ठसा जोडायचा.

"उजवा हात या काचेवर ठेवा," मॅडम म्हणाल्या.

मी हात खिशात घातला. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात देवही नव्हता आणि सैतानही. मला नुसता राग आला होता. आयुष्यात एकदा तरी कशाला तरी नाही म्हणावं, असं वाटलं आणि समोर ती काच होती.

"मला जमणार नाही, मॅडम."

"का? हाताला काही झालंय?"

आता 'राग आलाय' असा रकाना सरकारी फॉर्मात नसतो. मी म्हणालो, "धार्मिक कारण आहे."

मॅडमनी चष्मा काढला. मी जन्माने ख्रिस्ती. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर पंख्याखाली बसायचं आणि शेवटच्या गीताला जागं व्हायचं, एवढा माझा देवाशी संबंध. पण लहानपणी रविवारच्या वर्गात ऐकलेली एक गोष्ट डोक्यात कुठेतरी पडून होती. शेवटच्या काळात एक श्वापद येईल आणि उजव्या हातावर किंवा कपाळावर त्याची खूण असल्याशिवाय कुणाला काही घेता येणार नाही की विकता येणार नाही. (त्या वर्षी मी अंधाऱ्या न्हाणीघरात एकटा जात नसे.)

"उजवा हात, मॅडम," मी म्हणालो. "श्वापदाची खूण."

"कुणाची?"

"श्वापदाची."

"ते कुठल्या डिपार्टमेंटला?"

मी खुलासा केला. मॅडमनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "लेखी द्या. तीन प्रतींत. सोबत धर्माचा आधार जोडा."

म्हणजे लोक आधी श्रद्धा ठेवतात आणि मग नकार देतात. मी आधी नकार दिला आणि मग श्रद्धा शोधायला बाहेर पडलो.

ती मला मोजणीदारांच्या घरी सापडली. हे जमीनमोजणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्याच चर्चचे. दर रविवारी उपासनेनंतर आपल्या बैठकीत 'शेवटच्या काळाचा अभ्यासवर्ग' घ्यायचे. भिंतीवर त्यांनी हाताने आखलेला कापडी नकाशा होता. खिडकीपाशी जगाची उत्पत्ती सुरू व्हायची, दरवाज्यावरून जलप्रलय जायचा आणि आजचा दिवस विजेच्या बटणांपाशी होता. त्यापुढे वीतभर जागा. मग भिंत संपत होती.

"कार्ड आणलंय?" त्यांनी विचारलं. मी आणलं होतं, ठसा न जोडलेलं. कार्डावरचे आकडे त्यांनी कागदावर उतरवले, बेरीज केली, काही आकडे वजा केले, एकाला 'हा निरुपद्रवी आहे' म्हणून सोडलं आणि सहासष्ट काढून दाखवले. श्वापदाचा आकडा सहाशे सहासष्ट, त्याला एक सहा कमी पडत होता. तो माझ्या घराच्या नंबरातून घेतला.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची खिडकी उगाच नाही बंद झाली. रोख गेली की खूण येते. तुम्ही तर वेशीवरचे पहारेकरी होतात."

वर्गात आणखी एक घड्याळजी होता आणि दोन म्हाताऱ्या बहिणी, ज्या चहासाठी यायच्या. चौघांनीही माझ्याकडे आदराने पाहिलं. सव्वीस वर्षं मला लोक 'ओ खिडकीवाले' म्हणत आले. पहारेकरी कुणी म्हटलं नव्हतं. माझं काम तमाम झालं ते तिथेच.

घरी येऊन मी हुकूम काढला. उद्यापासून या घरात कार्ड नाही, फोनवरून पैसे नाहीत, जे काय ते रोख. पगार मी बँकेतून सगळा नोटांत काढणार आणि तुला दर शनिवारी मोजून देणार.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. दिवसभर लोकांना 'हे वाचा, आता हे वाचा' सांगून घरी येते, त्यामुळे तिच्याशी वाद घालताना आपण कुठल्या तरी खालच्या ओळीवर अडकलोय असं वाटतं. पण त्या दिवशी ती वाद घालायलाच तयार नव्हती.

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. द्या शनिवारी."

(अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती एवढ्या लवकर कधी 'बरं' म्हणाली नव्हती. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मी पहारेकरी होतो, आणि पहारेकरी बाहेर बघतो.)

बाहेर परिस्थिती कठीण होती. बसवाल्यांनी नोटा बंद केल्या, मी पायी ऑफिसला जाऊ लागलो. कॅन्टीनचा चहा सुटला. अर्ज दिल्यामुळे गेटवर हजेरीसाठी माझ्यापुरती एक वही ठेवली होती. मी रोज तिच्यात एकटाच सही करायचो आणि शिपाई ती बंद करून परत ड्रॉवरमध्ये ठेवायचा, आजाऱ्याचं भांडं ठेवावं तशी.

एक दिवस केस कापायला गेलो. न्हाव्याने चादर गुंडाळली, डावी बाजू कापून झाली आणि मी समोर पाहिलं. पैसे देण्यासाठी स्कॅन करायचा तो काळ्या चौकटींचा स्टिकर त्याने आरशावर चिकटवला होता. खुर्चीची उंची अशी, की आरशात तो बरोब्बर माझ्या कपाळावर येत होता.

मी ओरडून उठलो.

"काका, कात्री लागली?"

"हा कपाळावरचा काढ आधी!"

"कपाळावर काही नाही काका. उजवी बाजू राहिलीय."

"रोख घेतोस का?"

"रोख नाही घेत. पण अर्धेच कापलेत, तर अर्धे पैसे स्कॅन करा."

मी चादरीसकट घरी आलो. उजवी बाजू बायकोने कापली. कापताना मधूनमधून माझं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ करायची, दुकानात गिऱ्हाइकाचं करतात तसं, आणि जास्तच सरळ करायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग मुलगी त्याला घेऊन घरी आली.

आमची मुलगी दाताच्या दवाखान्यात काम करते. वय सव्वीस, माझ्या नोकरीएवढं. तिने दोन वर्षांपूर्वीच एका मुलाबद्दल आईला सांगितलं होतं आणि मला नव्हतं. (माझ्या घरात बातम्या अशाच फिरतात. मी शेवटचा थांबा.) मुलगा चांगला उंच, शांत. बूट दाराबाहेर काढून आत आला आणि मी बसा म्हणेपर्यंत उभा राहिला. मला तो आवडला. पाच मिनिटं.

"काय करता आपण?"

"काका, मी पेमेंटची यंत्रं बसवतो. दुकानांत, ऑफिसांत."

"पाणीपुरवठ्यातलं तुम्हीच बसवलंत?"

"नाही नाही," तो घाईने म्हणाला, "ते दुसऱ्या कंपनीचं. आमचं एवढं अडकत नाही."

"उजवा हात दाखवा."

त्याने दाखवला. मग जरा उजळलाच. "तुम्ही हात बघता, काका? हिने सांगितलं नव्हतं. लग्नाचा योग आहे का बघा ना."

मुलगी हसली. बायको हसली. आणि मला वाटलं, हे तिघं मिळून मला हसतायत. प्लायवूड ठोकणारी ती दोन माणसंही त्या दिवशी अशीच काहीतरी आपापसांत बोलून हसली होती. मी उभा राहिलो आणि मोजणीदारांचा अख्खा नकाशा, खिडकीपासून बटणांपर्यंत, त्याला तोंडी ऐकवला. तो श्वापदाचा कारकून आहे असं म्हणालो. मग यापेक्षाही वाईट बोललो. अशा हातात माझी मुलगी देण्यापेक्षा ती जन्मभर घरी बसलेली परवडेल, असं म्हणालो. ते म्हणताना मी मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे बघून म्हणालो, जणू भिंतीवर नकाशा होता.

मुलाने कप खाली ठेवला, "येतो, काकू," म्हणाला आणि बूट हातात घेऊनच जिना उतरला.

मुलगी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. कप उचलता उचलता म्हणाली, "पपा, जग नाही संपलेलं. तुमची खिडकी संपलीय."

त्यानंतर घरात शांतता झाली. कुणी विषय काढला नाही. मुलगी वेळेवर जायची, वेळेवर यायची, मला मीठ हवं तर मीठ द्यायची. मी मोजणीदारांना सांगितलं, "घरात विजय झाला." ते म्हणाले, "असं होतंच. सत्यापुढे माणसं गप्प होतात." (माणसं इतर कारणांनीही गप्प होतात, हे त्या विषयाच्या अभ्यासक्रमात नव्हतं.)

असे दोन महिने गेले आणि तो रविवार आला.

सकाळी बायको म्हणाली, "माझं डोकं दुखतंय. तुम्ही जाऊन या." मुलीची दवाखान्यात ड्युटी होती. रविवारी, तेही कधी नव्हे ते. चर्चमध्ये आमच्या पाळकसाहेबांनी बारा मिनिटांत प्रवचन आटोपलं, आशीर्वाद दिला आणि झगा काढता काढताच बाहेर पडले. एरवी ते पन्नास मिनिटांच्या आत कुणाला घरी सोडत नाहीत.

अभ्यासवर्गाला घड्याळजी आलाच नाही. त्या दिवशी मोजणीदारांनी बटणांपुढच्या जागेवर फूटपट्टी ठेवली आणि जाहीर केलं, की हिशेब पुन्हा तपासलाय आणि प्रभू आपल्या लोकांना वर उचलून नेणार तो याच आठवड्यात. आज धरून.

"कसं कळेल?" एका बहिणीने विचारलं.

"कळायला वेळच नाही मिळणार. एका घरात दोघं असतील, एक नेला जाईल, एक राहील. कपडे, चपला सगळं जागच्या जागी. माणूस नाही."

"आणि चहा?" दुसऱ्या बहिणीने विचारलं.

दुपारी दोनला घरी आलो. कुलूप होतं, माझ्याकडच्या किल्लीने उघडलं.

बेडरूमच्या जमिनीवर बायकोचा घरातला गाऊन पडला होता. नुसता पडलेला नव्हे, तिच्या अंगावरून सरळ खाली उतरावा तसा गोल, मध्ये मोकळी जागा. शेजारी सपाता. इस्त्री चालू, गरम. टेबलावर अर्धा कप चहा. मी हाक मारली. फोन लावला. तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला, तिथेच वाजला. मुलीचा लागेना.

मी आधी इस्त्री बंद केली. (मला आजही आश्चर्य वाटतं. जग संपलं तरी माणूस विजेचं बिल विसरत नाही.) मग शेजारी गेलो. आमची शेजारीण अशी बाई, की आमची शिडी अकरा वर्षांपूर्वी नेली ती परत केली नाही, आणि दुपारी खिडकीतून हलली असं कधी झालं नाही. खिडकी रिकामी. दाराला कुलूप.

आणि मी लाज न बाळगता सांगतो, माझी पहिली भावना भीतीची नव्हती. मला अपमान वाटला. हिला नेलं? शिडीवालीला? आणि पहारेकऱ्याला नाही? नोकरीत दोनदा माझं प्रमोशन असंच हुकलं होतं. यादी लागली, मी बोट फिरवत खालपर्यंत गेलो आणि बोट कागदाबाहेर पडलं. तेच पुन्हा. या वेळी अपील कुठे करायचं हेही माहीत नव्हतं.

मग घरात परत आलो आणि बेसिनवर मुलीचा चष्मा दिसला.

तिचा नंबर मोठा आहे. लहानपणापासून. चष्मा नसला तर तिला समोरचं दार दिसत नाही, भिंतीला हात लावत लावत चालते. मी तो चष्मा हातात घेतला आणि तिथेच, बेसिनपाशी, मटकन खाली बसलो. किती वर्षांनी कोण जाणे, मी मनापासून प्रार्थना केली. म्हटलं, देवा, मला नेलं नाहीस ते बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही नसतं नेलं. पण तिला तिकडे काही दिसत नसेल. तिला कुणाचा तरी हात दे. तो मुलगा तिकडे असेल तर त्याला सांग. त्याचाच दे. उजवा, डावा, कुठलाही.

हे बोललो आणि रडलो. कुणी बघायला नव्हतं म्हणून चांगलाच रडलो.

मग मोजणीदारांकडे धावलो. त्यांनी दार उघडलं.

"तुम्हीही राहिलात?" मी किंचाळलो.

"कशात?"

"नेलं! सगळ्यांना नेलं! बायको, मुलगी, शेजारीण!"

ते क्षणभर पांढरे पडले. मग छाती पुढे काढून म्हणाले, "शक्य नाही. मी इथे आहे."

"म्हणून तर म्हणतोय, तुम्हीही राहिलात."

"अहो, मी इथे असताना कुणाला नेलं कसं जाईल?"

"साहेब," मी म्हणालो, "शक्यता दोनच आहेत."

त्यांनी दुसऱ्या शक्यतेवर थोडा विचार केला आणि ते खुर्चीत बसले. मग हळूच विचारलं, "पाळकसाहेब आहेत का बघितलंत? ते असले तर काळजी नाही. त्यांना सोडून काही नेणार नाहीत."

मी चर्चकडे पळालो. पाळकसाहेबांच्या घराला कुलूप. आवारात झाडूवाली पाचोळा गोळा करत होती.

"पाळकसाहेब कुठे आहेत?"

"गेले की," ती म्हणाली.

"केव्हा?"

"उपासना संपल्या संपल्या. सगळेच गेले. गाडी भरून. पण तुम्ही इथे कसे? तुमच्याच मुलीचं लग्न ठरल्याची प्रार्थना आहे ना, तळ्याजवळच्या हॉटेलात..." आणि तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, झाडू उचलला आणि झाडून झालेली जागा परत झाडायला लागली.

तळ्याजवळचं हॉटेल तिथून पाऊण तासावर. बस समोरून गेली. मी चालत गेलो. वाटेत मला आनंद व्हायला हवा होता. जग शाबूत होतं, बायको-मुलगी जिवंत होत्या. पण देवाने मागे ठेवलं असतं तर त्यात काही मोठेपणा तरी होता. मला माझ्या घरच्यांनी मागे ठेवलं होतं. ठरवून, आणि डोकेदुखीचं कारण सांगून.

हॉटेलच्या काचेतून आतलं दिसत होतं. पाचपन्नास माणसं. पाळकसाहेब, घड्याळजी, शेजारीण. मुलगी पांढऱ्या कपड्यांत, डोळ्यांत लेन्स घातलेल्या. तिला सगळं नीट दिसत होतं. आणि तिच्या उजव्या बाजूला, बापाच्या खुर्चीत, माझा मेहुणा. माझा राखाडी कोट घालून. तो त्याला बरोबर बसत होता.

मी आत पाऊल टाकलं तोच बायको धावत आली. मला बाजूला, कोटांच्या खोलीत ओढलं.

"अहो, आज नको. हात जोडते. आज काही बोलू नका."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मला वाटलं, तुला वर नेलं."

"वर कुठे? वरचा हॉल महाग होता. आम्ही खालीच घेतला."

"तसं नाही गं. तुझा गाऊन... जमिनीवर..."

"घाई झाली. तुम्ही यायच्या आत निघायचं होतं." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माझे डोळे सुजलेले, बूट धुळीने भरलेले, खिशातून मुलीचा चष्मा डोकावतोय. तिला कळलं. खालच्या ओळीपर्यंत सगळं वाचता येतं तिला. तिचा चेहरा जरा मऊ झाला असं मला वाटलं, पण ते फार टिकलं नाही.

"आता आलाच आहात तर ऐका," ती म्हणाली. "मुलाकडच्या लोकांना सांगितलंय, की शहरात मोठा पाइप फुटलाय आणि तुम्ही तिकडे गेलाय. रोखपाल होता वगैरे बोलू नका."

"आणि हे हॉटेल? इथे तर रोख घेत नाहीत. पैसे कुठून..."

"तुमचेच. तुम्ही शनिवारी देता ते मी सोमवारी बँकेत भरते. पहिल्या आठवड्यापासून. घर काय नोटांवर चालतं?"

म्हणजे पाच महिने मी ज्या श्वापदाशी लढत होतो, त्याला माझीच बायको दर सोमवारी जेवू घालत होती. आणि रसद मी पुरवत होतो, मोजून, ओल्या स्पंजाने.

आम्ही बाहेर आलो. मुलाचे वडील लगबगीने उठले. "या या! मिळाली का गळती?"

"मिळाली," बायको म्हणाली.

मुलगा पुढे आला. त्याला सगळं माहीत होतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर पाठ फिरवली असती. त्याने हात पुढे केला, मग थबकला, तो मागे घेतला आणि डावा पुढे केला. हळू आवाजात म्हणाला, "काका, डावा चालेल ना?"

टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्याने ते मनापासून विचारलं होतं. मी त्याचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. मग खिशातून चष्मा काढून मुलीपुढे केला. म्हणालो, "विसरली होतीस."

तिने तो घेतला. मला वाटलं, आता पपा म्हणून गळ्यात पडेल.

"पपा," ती म्हणाली, "जेवून जा."

जेवून जा. पाहुण्याला म्हणतात तसं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर शेजारणीजवळ बसलो आणि जेवलो. तिने मला शिडीबद्दल काही विचारू दिलं नाही.

जेवणानंतर फोटोवाल्याने सगळ्यांना उभं केलं. मुलगा-मुलगी मध्ये, दोन्हीकडचे आईवडील दोन बाजूंना. मी कपडे झटकले, केसांवरून हात फिरवला आणि मुलीच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून डोळा काढला. "तुम्ही कोण, काका?"

"मुलीचा बाप," मी म्हणालो.

त्याने मागचे फोटो पडद्यावर सरकवून पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मेहुण्याकडे.

"बापाचे झालेत मघाशी," तो म्हणाला. "तुम्ही इतरांत उभे राहा."

मी इतरांत गेलो. तिथे मला म्हणाले, उंची आहे तर मागच्या रांगेत जा. मागच्या रांगेतून म्हणाले, जागा नाही, इथे खांब आहे. शेवटी मी खांबाच्या पलीकडे उभा राहिलो. फोटो घरी आला तेव्हा बायकोने भिंग लावून शोधलं. खांबामागून माझा एक कान आलाय.